लीज फेरी कॅम्पग्राउंड: नवाहो पुलाजवळचा मुक्काम, वारा आणि वेळापत्रकासकट

ॲरिझोनातल्या पेजहून ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमकडे, म्हणजे उत्तर काठाकडे, निघालेल्या बहुतेक गाड्या नवाहो पुलावर वीसेक मिनिटं थांबतात. फोटो, स्वच्छतागृह, पुन्हा रस्ता. तेही बहुतेक वेळा भर दुपारी, म्हणजे पुलावर सावली नाही, खाली नदीचा रंग उडालेला आणि गिधाडं कुठेतरी उंच आकाशात. तिथून जेमतेम पाच मैलांवर, थेट कोलोरॅडो नदीच्या काठावर, लीज फेरीचं कॅम्पग्राउंड आहे. हा सगळा परिसर संध्याकाळचा आणि सकाळचा आहे. तंबू किंवा आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन इथे रात्र काढली तर दोन्ही वेळा हाती लागतात. दुपारच्या भरवशावर बेत आखला की मग ऊन, वारा आणि वाळू यांच्या तक्रारी सुरू होतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी: कॅम्पग्राउंडवरून पूल दिसत नाही. पूल नदीच्या प्रवाहाच्या दिशेने चारेक मैल खाली, मार्बल कॅन्यनच्या उभ्या कड्यांमध्ये आहे. तंबूतून पुलाकडे बघत चहा प्यायचा असेल तर ते इथे जमणार नाही. इथे मिळते ती नदी, अगदी पायापाशी. या संपूर्ण टापूत कोलोरॅडोच्या पाण्यापर्यंत गाडी नेता येईल अशा जागा फारच थोड्या आहेत. वर ग्लेन कॅन्यनचे कडे, खाली ग्रँड कॅन्यनचे, आणि मध्ये ही एकच सवड. म्हणून आधी इथे तर, म्हणजे माणसं आणि सामान नदीपार नेणारी सपाट होडी, चालायची आणि म्हणूनच पूल इथून जवळ बांधला गेला.

रस्ता

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफमार्गे साधारण 270 मैल, साडेचार तास. फ्लॅगस्टाफहून 125 मैल. पेजहून 40-45 मैल. नकाशावर पेज आणि लीज फेरी एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि नदीने मोजलं तर ग्लेन कॅन्यन धरणापासून हे अंतर 15 मैलच आहे. पण नदीकाठाने रस्ता नाही. पेजहून महामार्ग 89 ने दक्षिणेला बिटर स्प्रिंग्जपर्यंत उतरायचं, तिथून उजवीकडे 89ए धरून 14 मैल पुन्हा उत्तरेला यायचं. पूल ओलांडला की लगेच उजव्या हाताला लीज फेरीचा डांबरी रस्ता लागतो. बिटर स्प्रिंग्जचा फाटा चुकला तर सरळ फ्लॅगस्टाफच्या वाटेला लागाल.

लास व्हेगासकडून येताना फ्रेडोनिया आणि जेकब लेकमार्गे यावं लागतं. जेकब लेक जवळपास 7,900 फुटांवर आहे, लीज फेरी 3,100 वर. हिवाळ्यात वर बर्फ आणि खाली कोरडा रस्ता, असा प्रकार असतो. आरव्ही घेऊन उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर वापरा. दोन्ही बाजूंना रात्री रस्त्यावर दिवे नाहीत आणि मोकळी गुरं रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत पोहोचलेलं बरं.

पूल

खरं तर पूल दोन आहेत, एकमेकांच्या शेजारी. जुना 1929 चा, नवा 1995 चा. जुन्यावरून आता फक्त पायी किंवा घोड्यावरून जाता येतं, गाड्या सगळ्या नव्यावरून.

जुना पूल 834 फूट लांब, नदीपासून 467 फूट (142 मीटर) उंच. पोलादी कमान रस्त्याच्या खाली आहे, तिचा गाळा 616 फुटांचा. म्हणजे नदीत एकही खांब नाही. दोन्ही कड्यांमधून अर्धी अर्धी कमान बाहेर काढत नेऊन मध्यभागी जोडली. बांधकाम 1927 च्या जूनमध्ये सुरू झालं आणि 1929 च्या जानेवारीत पूल वाहतुकीला खुला झाला. मधल्या काळात, 1928 च्या जूनमध्ये, लीज फेरीची तर उलटली आणि तीन माणसं बुडाली. त्यानंतर तर पुन्हा सुरू झालीच नाही. पुलाचं काम अजून अर्धवट होतं, त्यामुळे एका काठाहून समोरच्या काठावर सामान पोहोचवायला ट्रकना 800 मैलांचा वळसा पडू लागला. समोरचा काठ दगड मारला तर पोहोचेल इतक्या अंतरावर! पुलाच्या मध्यावर उभं राहून हा आकडा आठवला की या पुलाची गरज किती होती ते कळतं. सुरुवातीला त्याचं नाव ग्रँड कॅन्यन पूल होतं, 1934 मध्ये ते नवाहो पूल झालं.

मग दुसरा का बांधावा लागला? जुन्याच्या रस्त्याची रुंदी आहे 18 फूट. दोन आरव्ही समोरासमोर आल्या तर आरसे मोडायचे. त्यात वाहनांची वजनं वाढत गेली आणि पुलावर वजनाची मर्यादा घालावी लागली. रुंदीकरण करायचं तर मूळ पुलाचं रूप जातं. म्हणून शेजारीच तशाच कमानीचा 44 फूट रुंद नवा पूल उभारला आणि जुना पायी चालणाऱ्यांना दिला. मराठी वाचकाला इथे महाडचा सावित्रीवरचा पूल आठवल्याशिवाय राहणार नाही. तोही 1928 चा, जवळपास याच वयाचा. शेजारी नवा पूल असूनही त्याच्यावरून वाहतूक चालूच राहिली आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो एसटीच्या दोन बससकट वाहून गेला. पूल म्हातारा झाला की त्याला वेळेवर निवृत्त करणं हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे.

पुलावर काय करायचं, काय नाही: गाडी पश्चिमेच्या टोकाला, माहिती केंद्राच्या वाहनतळावर लावा. केंद्र हंगामी आहे, हिवाळ्यात बंद असतं, पण पूल केव्हाही खुला. तिथला दगडी निवारा 1930 च्या दशकातला आहे, तोही बघा. पूर्वेच्या टोकाला नवाहो विक्रेते चांदीचे, मण्यांचे दागिने मांडून बसतात. रोख पैसे जवळ ठेवा. पूल सपाट आहे, चढउतार काही नाही, त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांना गुडघ्यांची चिंता न करता नेता येतं. मात्र उंचीची भीती असलेल्यांनी मध्यावर जाण्याआधी विचार करावा, कारण नव्या पुलावरून ट्रक गेला की इथेही वाऱ्याचा झोत जाणवतो.

खाली काहीही टाकू नका, गंमत म्हणून छोटा खडाही नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये जाणारे सगळे राफ्ट याच पुलाखालून जातात. 142 मीटरवरून सुटलेला खडा पाच सेकंदांहून थोड्या जास्त वेळात पाण्यावर पोहोचतो, आणि तोवर त्याचा वेग हवेचा अडथळा सोडून हिशोब केला तर ताशी 190 किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. ड्रोनलाही इथे परवानगी नाही. नदीच्या एका बाजूला नॅशनल पार्क सर्व्हिसचा परिसर, दुसऱ्या बाजूला नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, आणि दोघांचेही नियम कडक.

प्रकाशाचा हिशोब सोपा आहे. पश्चिमेचे व्हर्मिलियन क्लिफ्स सकाळच्या उन्हात पेटतात, पूर्वेचे एको क्लिफ्स संध्याकाळच्या. दरीच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचतं. नदीचा हिरवा रंग टिपायचा असेल तर उशिरा सकाळी या, कडे टिपायचे असतील तर दिवसाच्या दोन्ही टोकांना.

गिधाडं

पुलाच्या खालच्या तुळयांवर कॅलिफोर्निया कॉन्डॉर बसतात. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा जमिनीवरचा उडणारा पक्षी. 1982 मध्ये जगात हे पक्षी फक्त 22 उरले होते. 1987 मध्ये रानातले उरलेसुरले सगळे पकडून बंदिस्त प्रजनन सुरू केलं आणि 1996 च्या डिसेंबरपासून इथल्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवरून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आजही त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांच्या अवशेषांतले शिशाचे कण. आपल्याकडे गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं संपवली, इथे बंदुकीच्या गोळीने. दोन्हीकडे विष आलं ते मेलेल्या जनावराच्या मांसातूनच.

दिसणार कधी? सूर्य वर येऊन हवा तापली की ते उष्ण प्रवाहांवर चढून लांब निघून जातात. सकाळी पहिल्या दोन-तीन तासांत ते पंख पसरून ऊन खात बसलेले सापडतात, आणि सूर्यास्ताआधी मुक्कामाला परततात. जुन्या पुलावरून नव्या पुलाच्या पोटातल्या तुळया नीट दिसतात, आधी तिथे दुर्बीण लावा. पंखावर क्रमांकाची पट्टी असेल तर तो कॉन्डॉर. उडताना पंखांच्या खाली पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण दिसतो आणि पक्षी फळीसारखा स्थिर तरंगतो. डोलत, पंख वर उचलून उडणारा दिसला तर ते टर्की व्हल्चर. 8 बाय 42 ची दुर्बीण पुरते, टेलिस्कोप नको.

कॅम्पग्राउंड

पन्नासहून थोड्या जास्त जागा. आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शुक्रवारी दुपारी दोनच्या आत पोहोचा. आधी अख्खा फेरा मारून जागा ठरवा, मग पैसे भरा. ग्लेन कॅन्यन नॅशनल रिक्रिएशन एरियाचा प्रवेश आणि कॅम्पिंगचं भाडं ही दोन वेगळी बिलं आहेत. नॅशनल पार्कचा वार्षिक पास प्रवेशाला चालतो, रात्रीच्या भाड्याला नाही. ‘पास आहे ना?’ म्हणून पैसे न भरता झोपणारे सकाळी वाद घालताना दिसतात.

आहे काय: पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, प्रत्येक जागेला टेबल आणि विस्तवावर भाजायची जाळी, आरव्हीचं सांडपाणी टाकायची सोय. नाही काय: वीज, आरव्हीचे हुकअप (गाडीला वीज-पाणी थेट जोडायची सोय), आंघोळीची सोय. मोबाइलचं नेटवर्क धरूच नका. जनरेटर रात्री दहानंतर बंद. झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप यंत्र लावून झोपणारं कुणी बरोबर असेल तर बॅटरीची सोय करूनच या.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. एक, सावली. झाडं नसल्यासारखीच आहेत. काही जागांना छप्पर किंवा वाऱ्याचा आडोसा आहे, मार्चनंतर त्याच आधी जातात. दोन, उंची. वरच्या जागांवरून नदी सुरेख दिसते, पण वाराही तिथेच जास्त. छोट्या तंबूने एखादी पायरी खाली उतरावं. तीन, पाण्याच्या वाटा. खडीत बारीक ओघळ दिसत असेल तर तिथे तंबू नको. ऑगस्टमधली वीस मिनिटांची सर त्याच ओघळातून येते.

वारा

या जागेला कमी गुण देणारे बहुतेक जण वाऱ्यामुळेच देतात, आणि वारा सांगून येत नाही. वसंतात, म्हणजे मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, दुपारी कॅन्यनमधून वर सरकणारा वारा संध्याकाळी अचानक जोर धरतो. तंबू उडतो त्याची कारणं ठरलेली असतात. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या खडीत वाकतात आणि वाळूत सुटून येतात. शिवाय ताणाच्या दोऱ्या बांधायचा कंटाळा केलेला असतो. नुसत्या कोपऱ्यांवर उभा असलेला घुमटाकार तंबू वाऱ्याला पाठ देत नाही, पोटात घेतो.

उपाय असा. खडीच्या जागी 10 ते 12 इंची पोलादी खिळ्यांसारख्या खुंट्या आणि हातोडा. वाळूच्या जागी खुंटी ठोकण्याऐवजी वाळूची पिशवी पुरा: मजबूत कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड दोरीने आवळा, दीड फूट खोल खड्ड्यात ठेवून वर वाळू दाबा, दोरी तंबूला बांधा. अशा चार पिशव्या चार कोपऱ्यांना पुरतात. तंबूची बुटकी बाजू वाऱ्याच्या तोंडाला ठेवा, दार उलट्या बाजूला. सगळ्या दोऱ्या 45 अंशात ताणा आणि रात्री झोपण्याआधी एकदा पुन्हा ताणा, कारण रात्रीच्या ओलाव्यात नायलॉन सैल पडतं. वरून जाळीच जाळी असलेला उन्हाळी तंबू आणला असेल तर सकाळी पांघरुणावर बारीक लाल वाळूचा थर मिळेल. बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत येणारा तंबू हवा. मोठी फॅमिली केबिन, ज्यात सहा जण उभे राहू शकतात, ती एप्रिलमध्ये इथे आणू नये. त्यापेक्षा दोन छोटे तंबू चांगले.

आणि हो, पाणी आणायला किंवा पुलावर जाताना तंबूत नुसत्या हलक्या गाद्या ठेवून जाऊ नका. जड सामान, पाण्याचे कॅन, आत चार कोपऱ्यांना.

ऋतू

जून ते ऑगस्ट टाळा. दिवसाचं तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट, आणि लाल कडे रात्री उशिरापर्यंत ती धग परत देत राहतात. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळी वादळं येतात. पारिया नदी कॅम्पग्राउंडजवळ कोलोरॅडोला मिळते. ती उगम पावते उत्तरेला युटामध्ये, ब्राइस कॅन्यनच्या परिसरात. तिकडे पाऊस पडला की इकडे निरभ्र आकाशाखालीही पारियाला लाल चिखलाचा लोंढा येतो. त्या दिवसांत पारियाच्या पात्रात किंवा कॅथेड्रल वॉशसारख्या कोरड्या ओढ्यात उतरण्याआधी इथला नाही, वरच्या भागाचा हवामान अंदाज बघायचा. ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबरच्या अखेरीपासून रात्री गोठणबिंदूच्या खाली जाऊ लागतात. कडे उंच असल्याने सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो, त्यामुळे हिवाळ्यातला दिवस कॅलेंडर सांगतं त्याहून लहान निघतो.

चूल

इंडियन किंवा कोरियन दुकानात मिळणारी ब्यूटेनच्या डब्याची कॅसेट शेगडी अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत असते. लीज फेरीला ती दोन कारणांनी गोत्यात आणते. ब्यूटेन साधारण शून्य अंशाला वायू व्हायचं थांबतं. नोव्हेंबरअखेरच्या सकाळी डबा भरलेला असूनही ज्योत मरते. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायूच राहतं, म्हणून थंडीत प्रोपेनची शेगडी. दुसरं कारण जास्त गंभीर. थालीपिठासाठी मोठा तवा कॅसेट शेगडीवर ठेवला की तो डब्याच्या झाकणावर पसरतो आणि डबा तापतो. वारा अडवायला चहूबाजूंनी फॉइलची भिंत केली तर आणखी तापतो. असे डबे फुटतात. वाऱ्याचा आडोसा तीनच बाजूंनी, आणि डबा जिथे आहे ती बाजू मोकळी.

एक पौंडाच्या प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये साधारण 21,600 बीटीयू (उष्णतेचं अमेरिकी माप) असतात. 10,000 बीटीयूचा एक बर्नर पूर्ण आचेवर दोन तासांच्या आसपास चालतो. चार माणसांच्या दोन दिवसांच्या चहा, पोहे, खिचडी आणि आमटीभाताला एक सिलिंडर बेताचा पुरतो, वाऱ्यात पुरत नाही. दोन न्या. तीन हजार फुटांवर पाणी 97 अंशांना उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ वेळ खाते. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, गॅसही वाचतो. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा असं कोरडं सामान सोयीचं, कारण बर्फ इथे मिळेलच असं धरून चालू नये. भांड्यांचं खरकटं पाणी जमिनीवर फेकायचं नाही. डोमकावळे अतिशय हुशार आहेत, पिशवीची चेन उघडतात. सगळं खाणं गाडीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात.

रात्री विंचवांसाठी एक अतिनील टॉर्च जवळ असू द्या; तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. सकाळी बूट झटकून घाला.

नदी

पाणी धरणाच्या खोल थरातून येतं, म्हणून मे महिन्यातही ते हाडात शिरतं. बाहेर 35 अंश आणि पाणी 10 अंशांच्या आसपास, अशा फरकात अचानक उडी मारली की श्वास अडकतो आणि पट्टीचा पोहणाराही तोंडात पाणी घेतो. धरणामागच्या पॉवेल जलाशयाची पातळी घटल्यापासून उन्हाळ्याच्या शेवटी पाणी पूर्वीपेक्षा गरम येतं, तरी प्रवाहाचा जोर तोच आहे. घोट्यापर्यंत पाय बुडवून बसा. मुलांना काठावरही लाइफ जॅकेट घालून ठेवा.

पाण्याची पातळी दिवसातही बदलते. ग्लेन कॅन्यनची वीजनिर्मिती मागणीप्रमाणे कमीजास्त होते, आणि तो चढउतार काही तासांनी इथे पोहोचतो. काठावर मांडलेल्या खुर्च्या, चपला, कयाक रात्रीत वाहून जातात ते यामुळेच. पाण्याची ओली रेघ दगडावर जिथे दिसते त्याच्याही वर सामान ठेवा.

कयाकसाठी इथली बॅकहॉलची सेवा सगळ्यात चांगली: मोटरबोट तुम्हाला आणि कयाकला लीज फेरीहून वर नेऊन सोडते, मग प्रवाहाबरोबर परत वल्हवत यायचं. हॉर्सशू बेंडपासून नऊ मैल, धरणाजवळून पंधरा. सकाळच्या पहिल्या बोटीने जा, कारण दुपारचा वारा समोरून येतो आणि शेवटचे तीन मैल दमवून टाकतात. ज्या हॉर्सशू बेंडच्या कड्यावर गर्दीत उभं राहून फोटो काढतात, त्याच्या तळातून जाण्याचा अनुभव वेगळाच. रेनबो ट्राउटच्या मासेमारीसाठीही ही जागा प्रसिद्ध आहे. ॲरिझोनाचा परवाना आणि टोकाला उलटा काटा नसलेले गळ लागतात.

काठावरचा इतिहास

सकाळी बोटीच्या धक्क्यावर एक चक्कर माराच. ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंग मोहिमा इथूनच निघतात, आणि नदीची मैलमोजणीही इथेच शून्यापासून सुरू होते. तिथून वरच्या अंगाला सपाट रिव्हर ट्रेल, जाऊन-येऊन दोनेक मैल. पाणी कमी असेल तर 1912 मधल्या ‘चार्ल्स एच. स्पेन्सर’ या आगबोटीचा सांगाडा दिसतो. 92 फुटांची ही बोट सोन्याच्या खाणकामासाठी 28 मैलांवरून कोळसा आणायला बांधली होती. आणलेला कोळसा बहुतेक बोटीच्याच येण्याजाण्यात जळायचा. सोनंही निघालं नाही. लोनली डेल हे जुनं शेत आणि फळबाग जवळच आहे. इथली तर सुरू करणारा जॉन डी. ली इथे 1871 मध्ये आला, तो युटातल्या माउंटन मेडोज हत्याकांडातला, म्हणजे स्थलांतरितांच्या तांड्याच्या कत्तलीतला, आरोपी होता. 1877 मध्ये त्याला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. स्पेन्सर ट्रेल हा दीड हजार फुटांहून जास्त चढ आहे, तो फक्त सकाळी आणि माणशी तीन लिटर पाणी घेऊन. कॅथेड्रल वॉश जाऊन-येऊन तीनेक मैल, त्यात हात टेकून उतरायचे टप्पे आहेत. लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना तिथे नेऊ नका.

पाणीवाटपाच्या भांडणांत रस असलेल्यांनी इथला प्रवाहमापक जरूर बघावा. 1922 च्या कोलोरॅडो नदी करारात वरचं आणि खालचं खोरं विभागलं ते याच परिसरात, पारियाच्या मुखाच्या एक मैल खाली. दोन्ही खोऱ्यांना वर्षाला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट. आपल्या मापात सुमारे 327 टीएमसी, म्हणजे तीन कोयना धरणं भरून थोडं उरेल इतकं. वाटप केलं तेव्हा नदीत तेवढं पाणी कायम असतं असं धरलं होतं. ते नाही, आणि कृष्णेच्या लवादासारखी तिथली भांडणंही संपलेली नाहीत.

निघताना

पेट्रोल आणि किराणा पेजमध्ये भरा. तिथे मोठी सुपरमार्केट्स आहेत. लीज फेरीच्या फाट्यावर लॉज आणि पंप आहेत, पण त्यांच्यावर अवलंबून बेत करू नका. नॉर्थ रिमकडे जाणार असाल तर 2025 च्या जुलैमधल्या वणव्यात तिथलं ग्रँड कॅन्यन लॉज जळालं आहे हे लक्षात घेऊन काय उघडं आहे ते आधी तपासा. एरवीही तो रस्ता हिवाळ्यात बंदच असतो.

आणि घड्याळ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेत नाही, नवाहो नेशन नेतं. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुलाच्या पूर्व टोकाला पश्चिमेपेक्षा एक तास जास्त वाजलेला असतो, आणि फोन कुठल्या टॉवरला चिकटलाय त्यावर त्याची वेळ ठरते. कॅम्पग्राउंड आणि पेज दोन्ही ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात, पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यनच्या सहलीही. फोनमधली स्वयंचलित वेळ बंद करून फिनिक्स निवडा. सकाळी दहाची अँटेलोपची सहल असेल तर साडेसहाला तंबू आवरायला घ्या, साडेसातला पुलावर अर्धा तास, आठला तिथून निघा, म्हणजे पेजमध्ये पोहोचून चहाला वेळ उरतो.